कंचनीचा महाल पाहाचा राह्यला

मी जन्मात एक बस चुकू देली नाही. शाळा नाही, अक्षर नाही, हातात घड्याळ नाही, पन बस नाही चुकली. बाकी सारं चुकलं. गावात मले कोनी कामाचा मानूस म्हनलं नाही, पन कोनाले गाडीत बसवून द्याचं असलं का लोक मलेच हुडकत येत. "त्याले धाडा, जागा नसली तं डायव्हरच्या मांडीवर बसवून देईन." मले त्याची लय मिजास होती.

आमचं घर जानेफळले. महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्सं झाले असतील तवाची गोष्ट. माह्याहून लहान एक बहीन, तिले आमी घरात बाईच म्हनत होतो. तिले लोणारच्या पल्याड देली होती. त्या साली चैतात चुलतभावाचं लग्न होतं म्हून माहेरी आली, पंधरा दिवस राह्यली. मंग तिच्या सासऱ्याचा निरोप आला का अमावशेच्या आधी सून धाडून द्या. बापानं हो म्हनलं. माहा बाप एकदा हो म्हनला का त्या शब्दाले खुंटा ठोकत होता.

लेकीले सासरी पोचवाले भावानं जा लागते, त्याले बोळवन म्हनतात. तं मी निघालो बोळवनीले. डोक्यावर बाईची पत्र्याची पेटी, काखेत सांजोऱ्यायची दुरडी. सासरी जानारी लेक रिकाम्या हातानं जात नाही, दुरडी लागतेच. माय चार दिवस सांजोऱ्या तळत होती अन् मी चार दिवस कढईजवळ बसून नासलेल्या सांजोऱ्या खात होतो. चांगल्या बी माह्या हातानं नासत होत्या.

आता एक हिसाब सांगतो. जानेफळची गाडी सकाळी मेहकरले येत होती, अन् बाईच्या सासरकडची एकच गाडी मेहकराहून दुपारी दोनले निघत होती. ती चुकली तं दुसऱ्या दिवशी अमावशा, अमावशेले कोनी लेक धाडत नाही. अन् अमावशा झाली का तीन दिवसांनी आखाजी, म्हंजे अक्षय तृतीया. आखाजीले साऱ्या जगाच्या लेकी माहेरी येतात, तवा आपली लेक कोन सासरी धाडते? म्हंजे ती दोनची गाडी चुकली का बाईले हप्ताभर माहेर, अन् बापाचा शब्द बी मोडत नाही. गाडी चुकली, देवाची मर्जी, त्याले कोन काय करीन.

हा हिसाब बाईनं केला होता. मी नव्हता केला. आदल्या दिवशी तिनं मायजवळ तोंड उघडलं होतं, का मले तिकडं जाचं नाही. मायनं म्हनलं, बापापुढं माही जीभ चालत नाही, भावाले सांग, तो गाडी चुकवीन. हे मायनं मले सांगतलं तवा सारं होऊन गेलं होतं.

मेहकरले उतरलो. तिथं गाडीची वाट पाहाची म्हंजे पेटीवर बसून माशा मारा. बाई म्हने, "भाऊ, मले मेहकर दाखव."

"मेहकर? हे काय, पाह्य. हे मेहकर."

"हे स्टँड झालं. पाच बाऱ्या इथून गेली, गाव काई पाह्यलं नाही. देऊळ पाहू. नदीवर जाऊ. तो कंचनीचा महाल पाहू. पायी पायी जाऊ, घाई काऊन करतं?"

मले काय, भुकेल्याले जेवाले बोलावल्यासारखं झालं. मी कापसाच्या गाडीसंगं दर सालाले मेहकरले येत होतो अन् कापूस मोजून होईस्तोर गावभर हुंदडत होतो. मेहकरच्या प्रत्येक दगडाची मले एकेक गोष्ट येत होती. अर्ध्या ऐकलेल्या, अर्ध्या माह्या घरच्या. चहावाल्याजवळ पेटी ठेवली. दुरडी बाईनं आपल्याजवळ घेतली.

तेवढ्यात बाकड्यावरून एक म्हातारा-म्हातारी उठले. म्हातारी बाईच्या तोंडाकडं पाहून म्हने, "तू आमच्या गावची सून ना वं?" बाईनं डोक्यावरचा पदर वढला. ते बाईच्या सासरचेच होते, तिच्या सासरच्या गल्लीतले. ते बी दोनच्याच गाडीची वाट पाहून राह्यले होते.

इथं दुसरा कोनी शहाना असता तं राम राम करून पुढं गेला असता. मी म्हनलं, "चला ना बाबा, तुमी बी चला. मेहकर दाखवतो. पैसा नाही लागत, फक्त हसा लागते."

बाईनं माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं खुश झाली.

मले मानसं भेटले का मी येडा होतो. एक हसला का दुसऱ्याले हसवाले मन धावते. अन् तो म्हातारा असा हसे का त्याले खोकला लागे, खोकला थांबला का म्हने, "सांग बे, पुढं सांग." झालं. मी पुढं, म्हातारा माह्या बाजूले, म्हातारी त्याच्या मांगं, अन् बाई साऱ्याच्या मांगं दुरडी घेऊन.

पहिले बालाजीच्या देवळात गेलो. काळ्या दगडाची मूर्ती, मानसापेक्षा किती तरी उंच. आत गार होतं. मी सांगतलं का हा देव शेकडो वर्सं जमिनीत गाडलेला होता, इंग्रजाच्या राज्यात खोदता खोदता सापडला.

बाई मांगून म्हने, "इतके दिवस खाली होता अन् वरच्या कोनाले माईत नव्हतं?"

"कसं माईत पडीन? देवानं तोंडच नाही उघडलं. एक आवाज देला असता तं कोनीतरी कुदळ घेऊन आलंच असतं."

म्हातारा हसला. पुजारी बी हसला. बाई नाही हसली, ती मूर्तीच्या पायाकडं पाहून म्हने, "आवाज देला असीन बी. वरचे हसून राह्यले असतीन."

मी त्याच्यावर बी हसलो. वाटलं, भावाचा गुन बहिनीत उतरला.

मंग जुन्या वेशीजवळ आलो. तिथं दगडात अक्षरं कोरलेले आहेत. ते मराठी नाहीत म्हनतात. मले काय, सारेच सारखे. मी बोट फिरवत वाचाले लागलो, "जावयानं या वेशीतून जाऊ नये. गेला तं सासऱ्यानं परत घेऊ नये." म्हातारा खाली बसला हसत हसत. रस्त्यानं जानारे दोघं थांबले, त्यायनं बी वाचाले लावलं. मी दुसऱ्या बारीले वेगळंच वाचलं.

तेवढ्यात बाईनं माही बाही धरली. हळूच म्हने, "भाऊ, दोन मिनिटं इकडं ये ना."

"थांब ना बाई, लोक ऐकून राह्यले."

ती थांबली. लहानपनापासून तिले एकदा थांब म्हनलं का ती थांबत होती. आमी लपाछपी खेळत होतो तवा मी तिले धान्याच्या कनगीमांगं लपवून सोता जेवाले निघून जाओ, अन् ती माय हुडकेपर्यंत तिथंच उभी राहे.

तिथून नदीकडं, दगडी धर्मशाळेत. त्या काळी बी पडकीच होती, पन खांब उभे होते अन् सावली चांगली होती. चैताचं ऊन, म्हातारीचे पाय पोळले होते. बसलो. बाई पैनगंगेवर हातपाय धुवाले गेली, मी बी गेलो. तिनं हात धुताना बांगड्या वर सारल्या तं मनगटाच्या वर, आतल्या बाजूनं, चटक्याचा डाग. जुना नव्हता. त्याच्या बाजूले दुसरा, तो जुना.

आता बोलाची जागा होती ही. म्हातारा-म्हातारी वर सावलीत. नदीवर आमी दोघंच. बाईनं बी बांगड्या खाली नाही केल्या. हात तसाच धरून ठेवला, पान्यातून काढून, माह्यापुढं.

अन् मी म्हनलं, "काय वं, तव्यावर भाकर टाकतं का हात टाकतं?"

अन् मोठ्यानं म्हनलं. वरच्या दोघायले ऐकू गेलं पाह्यजे म्हून. म्हातारा वरून हसला. म्हातारी म्हने, "आमचे बी भाजले बाई नवं नवं."

बाईनं बांगड्या खाली केल्या.

या एका बोलन्याबद्दल मी सोताले किती बाऱ्या मारलं हे कोनाले सांगाची गोष्ट नाही. पन तवा मले वाटलं का माहा निशाना लागला.

सावलीत येऊन बाईनं दुरडी सोडली. म्हने, "भाऊ, सांजोरी घे. आजी, घ्या. बाबा, घ्या." मी म्हनलं, "हे सासरची शिदोरी ना वं?" तं म्हने, "खा रे. माहेरचं माहेरच्यायनं नाही खाचं तं कोनं? खा अजून." मी खाल्ल्या. म्हाताऱ्यानं खाल्ल्या. खांबाजवळ एक फकीर बसला होता त्याले देल्या, त्याच्याजवळ कुत्रं होतं त्याले बी देली. मी मनात म्हनलं, बाईचं मन मोठं झालं गड्या सासरी जाऊन. दुरडीच्या तळाची पानं दिसाले लागली तवा ती म्हने, "अगं माय, दुरडी तं झाली रिकामी. रिकामी दुरडी घेऊन कसं जाऊ? घरी परत जा लागन भाऊ. माय नव्या करून देईन."

हे तिनं लय हलकं म्हनलं, गमतीत म्हनल्यासारखं. पन माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती.

मी म्हनलं, "येडी का तू? मी कायले आहो?"

माही अक्कल तवा घोड्यावर होती. बाजारात गेलो. बत्तासे घेतले, शेव घेतली. तेवढ्यानं दुरडी भरेना. मंग खांद्यावरचं धोतराचं जुनं पान काढलं, गुंडाळून खाली कोंबलं, वर बत्तासे-शेव लावली, वरून मायचं लुगड्याचं फडकं बांधलं. दुरडी शिगोशीग भरली. म्हाताऱ्याच्या डोळ्यातून पानी आलं हसून हसून. "विहिनीनं वरचे बत्तासे खाल्ले का खाली भावाचं धोतर!" त्यानं माही पाठ थोपटली. जन्मात मले इतकी शाबासकी कोनी देली नव्हती.

बाई बी हसली तवा. खरंच हसली. तिले माहा राग कधी येत नव्हता, तेच वाईट.

मंग म्हने, "आता महाल."

कंचनीचा महाल गावाच्या कडेले, उंचावर. मी जाता जाता सांगतलं का कंचनी नाचनारी होती, तिले एवढा उंच महाल बांधाचा होता का वरून लोणारच्या देवीचा दिवा दिसला पाह्यजे.

"दिसते का?" बाई म्हने.

"दिवा काय, सारं दिसते. तिकडं तुही सासू भाकरी करून राह्यली ते दिसते. इकडं जानेफळ दिसते. आपल्या दारातला लिंब दिसते, त्याच्याखाली बाप कोनाले शिव्या देऊन राह्यला ते बी दिसते."

"तं चल ना, लवकर."

चढाच्या पायथ्याशी आलो अन् मी उन्हाकडं पाह्यलं. सांगतलं ना, घड्याळ नाही, पन सावलीवरून मले गाडी कळत होती. सावली म्हने, गाडी लागली.

"बाई, महाल राह्यला. पळा!"

"भाऊ, पाच मिनिटं. वरून पाहू अन् येऊ."

"गाडी जाईन ना वं!"

"जाऊ दे."

हे ती म्हनली. साफ म्हनली, 'जाऊ दे'. याच्यापेक्षा जास्त मानूस काय सांगीन? म्हातारी बाजूले उभी, सासरच्या गल्लीतली, तिच्यापुढं बाईनं हे म्हनलं. अन् मी काय केलं? हात धरला अन् वढली. "जाऊ दे म्हने! मी असल्यावर गाडी जाते का?" मंग मी जो पळालो, एका हातात दुरडी, एका हातात बाई, मांगून म्हातारा, त्याच्या मांगं वहाना हातात घेऊन म्हातारी. चहावाल्याजवळून पेटी उचलली. गाडी फाटकातून निघून राह्यली होती. मी आडवा झालो. डायव्हरनं मायबाप काढले, मी त्याले हात जोडले, चौघायले... चौघायले नाही, तिघायले चढवलं.

कारन म्हातारा म्हने, "तू कायले येतं बे? आमी आहो ना. नेऊन घालतो घरी." मले वाटलं बरंच झालं. संध्याकाळच्या गाडीनं आपन घरी. बोळवन्या भाऊ अर्ध्या रस्त्यातून वापस.

बाई खिडकीत बसली. दुरडी मांडीवर. म्हने, "महाल पाहाचा राह्यला, भाऊ."

"पुढच्या बारीले," मी म्हनलं.

गाडी गेली. मी हात कमरेवर ठेवून तिथं उभा राह्यलो अन् चहावाल्याले म्हनलं, "पाह्यलं? चुकू देली का?"

श्रावनात निरोप आला. ताप आला, दोन दिवसात गेली. निरोप आला तवर तिले जाळून बी झालं होतं. ताप होता का काय होतं हे मले आजपर्यंत माईत नाही. बापानं विचारलं नाही. बापानं त्याच्यानंतर कोनाले कोन्या गोष्टीले हो म्हनलं नाही, एवढंच मी पाह्यलं. त्याच हप्त्यात मायनं मले ती आदल्या दिवशीची गोष्ट सांगतली. चुलीपुढं बसून, माह्याकडं न पाहता. "तुले सांगाले लावलं होतं मी तिले. तिनं सांगतलं नाही का रे?"

मी म्हनलं, "नाही माय." आता याच्यात मी खोटं बोललो का खरं, ते तुमीच पाह्यजा.

दहाव्याले बाप गेला नाही. मी गेलो. बाईच्या सासूनं चहा देला. सासरा पावसाचं बोलला. जवाई बाहीर उभे होते, आत आलेच नाही. मी बी काई बोललो नाही. सात पिढ्यायचं बोलनं मी एकट्यानं त्या दिवशी मेहकरले बोलून टाकलं होतं, तं आता लागत होतं तवा शिल्लकच नव्हतं.

निघालो तं बाईची धाकटी जाऊ मांगच्या दारानं आली. लहानशीच होती. तिच्या हातात घडी केलेलं कापड. माहं धोतराचं पान. धुतलेलं.

"हे तुमचं. आक्काच्या पेटीत होतं. सासूबाईनं फेकून देलं होतं, त्यायनं उचलून आनलं." पुढं म्हने, "त्या म्हाताऱ्यानं गावभर सांगतलं ना, दुरडीत धोतर होतं म्हून. लोक लय हसले. सासूबाई त्यायले 'चिंध्यावाली' म्हनाले लागल्या होत्या. आखरीपर्यंत तेच नाव राह्यलं."

मी कापड घेतलं.

मंग जाऊ म्हने, "भाऊ, एक विचारू? आक्का आमाले सांगत होत्या, भावानं मले कंचनीच्या महालावर नेलं. वरून माहेर दिसते म्हने. दारातला लिंब दिसते, वडील दिसतात. दळता दळता रोज सांगत. रोज एक नवीन दिसे त्यायले. खरंच दिसते का हो?"

ती कुठची होती मले माईत नाही. तिचं बी माहेर कुठंतरी असीनच. तिच्या बांगड्यायकडं पाहाची माही हिंमत झाली नाही.

"हाव," मी म्हनलं. "दिसते. आभाळ साफ पाह्यजे."

वापसी मेहकरले उतरलो. जानेफळची आखरी गाडी लागाले वख्त होता. कापड काखेत घेतलं अन् चालत निघालो. देवळापुढून, वेशीतून. वेशीजवळ एकानं वळखलं, हाक मारली, "अरे, ते वाचून दाखव ना!" मी म्हनलं, "मले वाचता येत नाही." तो त्याच्यावर बी हसला.

महालावर चढलो. पडकंच आहे ते, आता बी तसंच. पाऊस बारीक चालू होता. पहिले लोणारकडं पाह्यलं, मंग इकडं. वावरं दिसत होते, हिरवे. नदी गढूळ. एका बाईच्या डोक्यावर गवताचा भारा, ती बांधाबांधानं जाऊन राह्यली होती. जानेफळ नाही दिसत. मी सांगतलं ते सारं खोटं होतं. मी भिंतीच्या कडेले जाऊन पाह्यलं, डोळे पुसून पाह्यलं, लिंब कोनता दिसते का म्हून. बाईले रोज दिसत होतं, मले एकदा बी नाही दिसलं.

खाली स्टँडवर गाडी लागली. कंडक्टरनं घंटी मारली असीन, ते ऐकू आलं नाही, पन हारन ऐकू आला. दोन बाऱ्या वाजला. पळालो असतो तं भेटत होती, मले सावली नसली तरी अंदाज होता. ते धोतराचं पान मी डोक्यावर घेतलं अन् तिथंच बसून राह्यलो.